शांघायची सवय, मिशिगनचा वर्ग

पत्र

ताई, नमस्कार. आम्ही मूळचे चिंचवडचे. माझे मिस्टर वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत आहेत. चार वर्षं शांघायला होतो. गेल्या ऑगस्टमध्ये मिशिगनला, डेट्रॉइटजवळ बदली झाली. लेक नऊ वर्षांची आहे. शांघायला आम्ही तिला मुद्दाम तिथल्या सरकारी शाळेत घातलं होतं. पहिली ते तिसरी ती चिनी भाषेतून शिकली, वर्गात पहिल्या पाचांत असायची. इथे चौथीत आहे. गणितात सगळं येतं म्हणून कंटाळते. पण पालकभेटीत बाई म्हणाल्या, "मुलगी गोड आहे, पण वर्गात बोलतच नाही." शाळेच्या समुपदेशकांना भेटा, असंही सुचवलं. 'उन्हाळ्याची सुट्टी कमी करावी का, तुझं मत लिही' असं लिहायला दिलं होतं, तर तिने कागद कोरा ठेवला. घरी म्हणाली, "माझं मत पुस्तकात नव्हतं." आणि परवा म्हणाली, "इथे चुकलं तरी बाई छानच म्हणतात. मग मला कळणार कसं?" यांना वाटतं, मुलगी मागे पडतेय, शांघायच्याच एका शिक्षिकेची रोज दोन तास ऑनलाइन गणिताची शिकवणी लावायची म्हणतात. मला वाटतं, शेजारच्या मुलींबरोबर सायकल फिरवते, हसते, तर सोडा तिला मोकळं. रोज यावरून वाद. कोणाचं बरोबर?

— एक आई, मिशिगन

उत्तर

प्रिय ताई,

सगळ्यात आधी तुमच्या लेकीला माझी शाबासकी सांगा. "चुकलं तरी छान म्हणतात, मग मला कळणार कसं?" असा प्रश्न नवव्या वर्षी पडणारी मुलगी मागे पडलेली नसते. तुम्ही दोघं ज्यावरून भांडताय ते तिने एका वाक्यात सांगितलंय. म्हणून मीही आधी तिच्याबद्दलच लिहिते, तुमच्या वादाकडे नंतर येते.

तिने तीन वर्षं ज्या वर्गात काढली तो डोळ्यांसमोर आणा. तास सुरू होताना वर्गप्रमुख हुकूम देते, चाळीसेक मुलं उभी राहतात आणि एका सुरात शिक्षकांना नमस्कार करतात. उत्तर द्यायचं तर हात वर करायचा, तोही कोपर बाकावर टेकवून. नाव घेतलं की उभं राहायचं, पूर्ण वाक्यात बोलायचं, बसा म्हटलं की बसायचं. बाई फळ्यावर एकच गणित देतात आणि त्यावर बराच वेळ घालवतात. एखाद्याचं उत्तर चुकलं तर ते लगेच पुसत नाहीत. "हे कसं काढलंस?" असं विचारतात, मग दुसऱ्याला उठवतात, तिसऱ्याला उठवतात, आणि चूक नेमकी कुठे झाली ते वर्ग मिळून शोधतो. त्या चुकलेल्या मुलाला अवघडल्यासारखं होतं, नाही असं नाही. पण तो 'ढ' ठरत नाही. अजून अभ्यास कमी पडला, एवढाच त्याचा अर्थ. अशा वर्गात बोलणं म्हणजे विचार पक्का झाल्यावर सगळ्यांसमोर मांडणं. तोवर ऐकायचं. गप्प राहून नीट ऐकणारं मूल तिथे चांगलं मूल असतं.

आता ती अशा वर्गात बसलीय जिथे अर्धवट सुचलेलं बोलून टाकणं हीच विचार करण्याची रीत आहे. मुलं गोल करून गालिच्यावर बसतात, एकमेकांचं वाक्य तोडून बोलतात, बाई प्रत्येकाला "छान विचार आहे" म्हणतात आणि पुढे जातात. तिथे गप्प बसलेलं मूल दिसलं की शिक्षिकेला काळजी वाटते: हिला समजत नाहीये का, घरी काही बिनसलंय का? त्या बाईंची काळजी खरी आहे. तुमच्या मुलीचं वागणंही बरोबर आहे. ती शिकवलेला नियम प्रामाणिकपणे पाळतेय, फक्त तो नियम इथे चालत नाही हे तिला अजून कोणी सांगितलेलं नाही. ते तुम्ही सांगायचं. "शांघायला असं होतं, इथे असं आहे, दोन्ही तुला जमेल," एवढं साधं. मुलांना दोन घरांच्या दोन रीती सहज कळतात. आजीकडे एक चालतं आणि आत्याकडे दुसरं, हे त्यांना तिसऱ्या वर्षीच ठाऊक असतं.

या रीती आल्या कुठून, हे तुम्हा दोघांना कळलं तर घरातला वाद बराच निवळेल असं मला वाटतं.

चीनमध्ये सम्राटाचे अधिकारी परीक्षेतून निवडायची पद्धत जवळपास तेराशे वर्षं चालली. ती १९०५ साली बंद झाली, पण तिच्यामागची समजूत लोकांच्या मनातून गेली नाही: घराणं कोणतंही असो, अभ्यासाने माणूस वर येतो, आणि अभ्यास करणं हे नुसतं हुशारीचं काम नसून चांगल्या वागणुकीचं लक्षण आहे. माओच्या काळातल्या सांस्कृतिक क्रांतीच्या उलथापालथीत विद्यापीठाची प्रवेश परीक्षा, गाओकाओ, बंद पडली होती. १९७७च्या डिसेंबरमध्ये ती पुन्हा झाली तेव्हा सुमारे ५७ लाख लोक बसले, जागा मिळाली पावणेतीन लाखांच्या आसपास. त्यात खेड्यांत शेतीला पाठवलेले, तिशीला टेकलेले कितीतरी होते. त्या पिढीला ही परीक्षा जाच वाटली नाही, सुटका वाटली. २०२४ साली १ कोटी ३४ लाख मुलांनी गाओकाओसाठी नाव नोंदवलं. आज तिच्यापायी मुलांची झोप, खेळ, बालपण किती जातं हे तुम्ही शांघायला डोळ्यांनी पाहिलंय. त्याच्याही आधी, पंधराव्या वर्षीच्या परीक्षेत बरीचशी मुलं व्यवसाय शिक्षणाकडे वळवली जातात, त्यामुळे धास्ती प्राथमिक शाळेपासूनच सुरू होते. सरकारलाही हे डोईजड झालं. जुलै २०२१मध्ये शालेय विषयांच्या नफ्यासाठी चालणाऱ्या शिकवण्यांवर बंदी आली, पहिली-दुसरीला लेखी गृहपाठ नाही आणि तिसरी ते सहावीला तासाभराहून जास्त नाही, असा नियम झाला. म्हणजे तुमच्या मिस्टरांना ज्या शिकवणीची ओढ लागलीय, ती खुद्द चीनने आवरायला घेतलीय. हे त्यांना जरूर वाचून दाखवा. आणि दुसरी गोष्ट, जी मला या व्यवस्थेत मुळीच पटत नाही: मुलाचं मत काय असावं हेही तिथे बरंचसं वरूनच ठरतं. "माझं मत पुस्तकात नव्हतं" हे तुमच्या लेकीचं वाक्य मला हसण्यावारी नेता येत नाही.

अमेरिकेची गोष्ट वेगळ्या ठिकाणी सुरू होते. मॅसॅच्युसेट्समध्ये १६४७ साली कायदा झाला की पन्नास घरांच्या गावाने मुलांना वाचा-लिहायला शिकवणारा नेमायचा. हेतू हा, की प्रत्येकाला बायबल स्वतः वाचता यावं, दुसऱ्याच्या सांगण्यावर विसंबावं लागू नये. शाळा गावाची, पैसा गावाचा, ही घडी तिथूनची. आजही देशात सुमारे १३ हजार शालेय जिल्हे आहेत, बहुतेकांची मंडळं लोक निवडून देतात आणि खर्चाचा मोठा भाग राज्य व स्थानिक करांतून येतो. त्याचा काळा भाग असा की श्रीमंत उपनगराची शाळा आणि पलीकडच्या गरीब वस्तीची शाळा यांत जमीन-अस्मानाचं अंतर पडतं. डेट्रॉइटच्या आसपास राहून ते तुम्हाला दिसलंच असेल. पण मुलाचा आवाज ही तिथे गंभीरपणे घेतली जाणारी गोष्ट आहे. १९४३ साली, ऐन महायुद्धात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शाळेला कोणत्याही मुलावर झेंड्याला वंदन करायची सक्ती करता येणार नाही. १९६९ साली आयोवातल्या काही विद्यार्थ्यांच्या बाजूने निकाल लागला. व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ काळी फीत बांधून आले म्हणून शाळेने त्यांना घरी पाठवलं होतं. त्यांतली एक मुलगी तेव्हा तेरा वर्षांची होती. 'सुट्टी कमी करावी का, तुझं मत लिही' हा चौथीतला निबंध तुम्हाला पोरखेळ वाटत असेल, पण त्याची मुळं इथे आहेत. उद्या गावच्या सभेत उभं राहून बोलणारा नागरिक त्यांना चौथीपासून घडवायचा असतो.

मात्र अमेरिकेचं एक दुखणं आहे आणि तुमच्या मुलीने त्यावरच बोट ठेवलंय. हॅरॉल्ड स्टीव्हन्सन आणि जेम्स स्टिगलर या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात अमेरिकेतलं मिनियापोलिस, तैवानमधलं तैपेई आणि जपानमधलं सेंदाई इथल्या, आणि पुढे शिकागो व बीजिंगमधल्याही प्राथमिक शाळांचा अभ्यास केला. गणितात अमेरिकी मुलं मागे होती. तरी आपल्या मुलांच्या प्रगतीवर जास्त समाधानी होत्या त्या अमेरिकी आया. आणि मूल गणितात चांगलं का असतं, असं विचारल्यावर त्या उपजत बुद्धीकडे जास्त बोट दाखवायच्या, तर चिनी आणि जपानी आया कष्टांकडे. हा फरक वाटतो त्यापेक्षा खोल आहे. गणित डोक्यातच असावं लागतं असं घरात मानलं, तर चूक म्हणजे डोकं कमी असल्याचा पुरावा होतो. मग मायाळू शिक्षिका काय करणार? ती चूक झाकणार, 'छान' म्हणणार. कष्टाने येतं असं मानलं तर चूक उघड दाखवता येते, कारण तिच्यावर इलाज असतो. प्रयत्नांती परमेश्वर हे आपल्याकडे म्हणतात सगळेच, पण 'आमच्या घराण्यात गणित नाही' हेही तितक्याच सहज म्हणतात. तुमच्या मुलीने शांघायहून आणलेली सगळ्यात मोलाची गोष्ट कुठली असेल तर ती ही, की चूक तिला अजून भीतीदायक वाटत नाही, उपयोगाची वाटते. ती जपा. तिचं पाठांतर आणि वेग थोडा कमी झाला तरी चालेल.

आता शिकवणी. रोज दोन तास मुळीच नको, असं माझं स्पष्ट मत आहे. वर्गातल्यापेक्षा पुढचं तिला येतंच, मग आणखी पुढचं शिकवून तिचा वर्गातला कंटाळा वाढवण्यात काय मिळणार? शिवाय सायकलचे ते दोन तास तिची इंग्रजीची खरी शाळा आहे. त्याऐवजी एक गोष्ट करा. लिपिंग मा नावाच्या संशोधिका आहेत. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात शांघायहून खेड्यात पाठवल्या गेल्या, तिथे प्राथमिक शाळेत शिकवू लागल्या, पुढे अमेरिकेत संशोधन केलं. त्यांनी २३ अमेरिकी आणि ७२ चिनी प्राथमिक शिक्षकांना एक गणित दिलं: पावणेदोन भागिले अर्धा. उत्तर काढा आणि या गणिताची गोष्ट रचा. चिनी शिक्षकांची उत्तरं सगळी बरोबर आली. अमेरिकी शिक्षकांत निम्म्यांहून कमी जणांना उत्तर जमलं, आणि गोष्ट एकालाच धड रचता आली. बाकीच्यांतले बरेच जण पावणेदोन पिझ्झा दोघांत वाटत बसले. ते अर्ध्याने भागणं नव्हे, दोनने भागणं झालं. तुम्ही सोडवून पाहा. पावणेदोन किलो साखर आहे, अर्ध्या किलोच्या पिशव्या भरायच्या, किती भरतील? साडेतीन. झाली गोष्ट.

यातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते असं: पदव्या अमेरिकी शिक्षकांकडे जास्त होत्या. चिनी शिक्षकांपैकी बहुतेक नववीनंतर दोन-तीन वर्षं अध्यापन विद्यालयात शिकलेले. पण चिनी शाळेत प्राथमिकलाही गणिताचा शिक्षक बहुधा वेगळा असतो. तो दिवसाला मोजके तास घेतो आणि उरलेल्या वेळात त्याच विषयाच्या सहकाऱ्यांबरोबर बसून उद्याचा धडा, मुलांच्या चुका, एखादं गणित किती रीतींनी सुटतं, यावर खल करतो. एकमेकांचे तास मागे बसून पाहतात, नंतर उणंदुणं तोंडावर सांगतात. अमेरिकी प्राथमिक शिक्षिका मात्र एकटीच दिवसभर वाचन, गणित, विज्ञान, सगळं शिकवते, आणि तिचा वर्ग हे तिचं स्वतंत्र राज्य असतं. माणसाने एकट्याच्या बळावर उभं राहावं हे मूल्य मुलांना जितकं लागू, तितकंच तिथे शिक्षकालाही लागू. त्याची किंमत त्या बायांना मोजावी लागते, म्हणून त्यांच्यावर रागावू नका.

तर घरी रोज पंधरा-वीस मिनिटं, शक्यतो बाबांबरोबर, कारण ओढ त्यांना आहे: एक गणित घ्यायचं आणि लेकीने त्याची गोष्ट रचायची. मराठीत रचू दे. पावणेदोन, अडीच, सव्वा असे शब्द आपल्या भाषेत तयार आहेतच. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट इंग्रजीत सांगायची. मग बाबांनी मुद्दाम चुकीची गोष्ट रचायची आणि तिने चूक पकडायची. यात तिचं शांघायचं गणित पक्कं राहतं, आणि मनातलं बोलून दाखवायची इथली सवयही लागते. मतं मांडायचा सराव जेवताना करा. "आज वरण चांगलं झालं का? का नाही?" इथून सुरुवात. तिने "मीठ कमी आहे" म्हटलं तर 'आईला असं बोलतात का' असं म्हणू नका. आपल्या घरांत मत विचारायचं आणि मग मोठ्यांसारखंच मत असायला हवं अशी अपेक्षा करायची, ही खोड जुनी आहे. हे तुमच्या मिस्टरांना जड जाईल, कदाचित तुम्हालाही. पण तिने घरात तुमच्याशी असहमत व्हायला शिकल्याशिवाय ती वर्गात मत लिहिणार नाही.

एक मात्र करू नका. दोन्हीकडचा ताण एकाच मुलीच्या डोक्यावर देऊ नका. चीनसारखे गुण हवेत आणि अमेरिकेसारखं धीट बोलणंही हवं, वर पोहणं, भरतनाट्यम, रविवारची मराठी शाळा, असं करणारी आपली कितीतरी घरं तिकडे आहेत. त्यात मूल दोन्ही व्यवस्थांचं फक्त ओझं उचलतं.

या दोन रीती एकमेकींना अगदीच अनोळखी आहेत असंही समजू नका. अमेरिकी शाळेला 'करून शिकणं' पटवून देणारे जॉन ड्यूई १९१९च्या वसंतात शांघायला उतरले आणि दोन वर्षांहून जास्त काळ चीनभर व्याख्यानं देत फिरले. त्यांना बोलावणाऱ्यांत पुढाकार घेतला तो त्यांच्या कोलंबिया विद्यापीठातल्या चिनी विद्यार्थ्यांनी, हू शी त्यांतले एक. त्याच विद्यापीठात १९१३ ते १९१६ डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिकत होते, आणि ड्यूईंचं ऋण त्यांनी पुढे आवर्जून मानलं. हे तुमच्या लेकीला जरूर सांगा. शांघाय, अमेरिका आणि महाराष्ट्र असे तीन धागे हातात असलेली ती काही पहिली नाही.

राहिली समुपदेशकांची गोष्ट. घाबरू नका आणि टाळूही नका, भेटा. पण जाताना तीन गोष्टी वेगळ्या करून सांगा. एक, मुलीचं शिक्षण तीन वर्षं चिनीतून झालंय, इंग्रजी तिची तिसरी भाषा आहे. नव्या भाषेत आलेलं मूल काही महिने गप्प राहून ऐकतं, हे भाषाशिक्षकांच्या नेहमीच्या पाहण्यातलं आहे. दोन, चिनी वर्गात गप्प ऐकणं हा चांगुलपणा होता. तीन, शेजारच्या मुलींशी ती बोलते, हसते. या तिन्ही गोष्टी बाईंना बहुधा माहीतच नाहीत. त्यांच्यासमोर एक भारतीय चेहऱ्याची मुलगी आहे आणि ती इंग्रजी शाळेतून आली असं त्यांनी गृहीत धरलं असणार. इंग्रजीसाठी जादा मदत मिळते का, ते विचारा. प्रवेशाच्या वेळी घरची भाषा कोणती हे लिहून घेतलं असेल, त्यावरून तिच्या इंग्रजीची चाचणी व्हायला हवी होती. ही मेहेरबानी नाही. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी कुटुंबांनी आपल्या मुलांना इंग्रजी न समजताच वर्गात बसवून ठेवतात म्हणून दावा लावला होता, आणि १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्या कुटुंबांमुळे आज तुमच्या मुलीला ही मदत मागायचा हक्क आहे.

बाईंना दोन विनंत्या ईमेलने करा. तिला प्रश्न आदल्या दिवशी सांगता येईल का, म्हणजे ती उत्तर तयार करून आणेल. आठवड्यातून एकदा जमलं तरी पुरे. आणि तिचं काम तपासताना 'छान' लिहिण्याआधी काय चुकलं ते एका ओळीत लिहाल का, तिला ते आवडतं. असं मागणारे पालक विरळा, बाई आनंदाने करतील. गणितात तिला पुढचं काम देता येईल का, हेही तिथेच विचारा.

चिनी भाषा मात्र सुटू देऊ नका. डेट्रॉइटच्या परिसरात शनिवार-रविवारच्या चिनी शाळा चालतात, तिथे तिला मैत्रिणीही मिळतील. मिस्टरांना शांघायच्या त्या शिक्षिकेला पैसे द्यायचेच असतील तर आठवड्यातून एक तास चिनी वाचनासाठी द्यावेत. गणितासाठी नको.

मार्चअखेरपर्यंत वर्गात ती एखाद-दुसरं वाक्य बोलू लागली, तर सगळं ठीक चाललंय असं समजा. पण शेजारच्या मुलींशीही बोलणं कमी झालं, सकाळी पोटात दुखू लागलं, झोप बिघडली, तर थांबू नका. समुपदेशकांकडे लगेच जा आणि मलाही कळवा.

तुमची,
ताई